वाकायचं नाही

रखयूतच्या वर, जिथे नवा रस्ता अजून
नुसता चुन्याच्या खुणांचा आहे,
पिकअप बंद पडला. गुलजरीन बॅटरी आणायला
दुसऱ्या गाडीनं गेला. म्हणाला, अर्धा तास.
त्याचा अर्धा तास मला ठाऊक आहे.
मी खांद्यावर स्टाफ घेतला आणि उतरू लागलो.

स्टाफ म्हणजे मोजपट्टी. ॲल्युमिनियमची, घडीची.
साहेब दुर्बिणीतून बघतात, मी ती धरून उभा.
अकरा वर्षं मी सरळ उभं राहण्याचा पगार घेतो.

लोबानाच्या झाडांपाशी खडा घरंगळला.
मी थांबलो. मागचं पाऊलही थांबलं.
माणूस थांबला म्हणून बकरी थांबत नाही.

मग दिसला. वीस पावलांवर, दगडाच्याच रंगाचा,
आमच्या ओतूरच्या उसातल्यापेक्षा लहान,
धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा.
खोटं कशाला बोलू, पाय सुटलेच होते.

आत्यानं जन्मभर बिबट्याच्या शेजारात खुरपणी केली.
ती सांगायची, पळालास तर तू ससा,
वाकलास तर तू शेळी.
चपलेचा अंगठा तुटू दे, वाकायचं नाही.
पाठ दाखवायची नाही.
आणि बोलत राहायचं, मोठ्यानं,
कळू दे त्याला, माणूस आहे म्हणून.

मी स्टाफची कडी सोडली.
दोन मीटर. तीन. खटके बसत गेले.
पाच. काळे-तांबडे आकडे डोक्यावर चढत गेले.
इतका उंच मी कधीच नव्हतो.
त्यानं मान वर करून
वाचल्यासारखं केलं.

आता बोल.
काय बोलू? साहेबांशी इंग्रजी, चार शब्द.
तोफाज्जलशी हिंदी, दोघांचीही मोडकी.
दुकानात अरबी, आकड्यांपुरती.
तोंडातून निघालं ते, "काय रे मुडद्या,
काय पायजे तुला?"

आणि मी माझ्याच आवाजाला दचकलो.
इतक्या मोठ्यानं मराठी
कॅम्पवर आल्यापासून बोललोच नव्हतो.
फोन असतो, पण पांघरुणात, कुजबुजत,
पाळीवाले झोपलेले असतात.

एकेक पाऊल मागे टाकत
मी शिव्या संपवल्या. लवकर संपल्या.
मग एकोणतिसाचा पाढा.
एकोणतीस सक... तिथे अडलो.
मग त्याला सांगितलं, भावानं वाटणीचा कागद
माझ्या सहीवाचून केलाय. विहीर त्याच्याकडे गेली.
हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

तो बसला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.
हात भरून आले, स्टाफ वाऱ्यानं डुलू लागला.
विहीर खणताना मी सातवीत होतो, टोपली मीच ओढायचो,
असं सांगता सांगता गळा दाटला,
तर आत्या म्हणाली (तिला जाऊन सहा वर्षं झाली),
रडताना माणूस वाकतो. सरळ हो.

वळणाखालून बखीतची उंटं आली, आधी वास, मग माना.
क्षणभर तिकडे बघितलं असेन.
परत बघतो तर दगड. दगडच.

"कुणाशी बोलत होतास?"
"निम्र," म्हटलं.
बखीत हसला नाही. काठी बगलेत धरून
तो मात्र खाली वाकला,
धुळीवर बोट न टेकवता बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "साठ वर्षं या डोंगरात आहे मी.
माझं कधी इतकं ऐकून घेतलं नाही त्यानं."

त्या रात्री भावाला फोन लावला.
पांघरुणाबाहेर, दोन खाटांच्या मधे, उभ्यानं.
तोफाज्जल जागा झाला. शब्द कळत नसून
उठून बसला, ऐकत राहिला.

एकोणतीस सक मात्र अजून आठवत नाही.